तळाचा गाळ, वरचे पाणी : ठाणे-कल्याणच्या तलावांचा इतिहास

महाराष्ट्राच्या भूमीवर हिमनदीने घडवलेले एकही सरोवर नाही. शेवटचे हिमयुग ऐन भरात होते तेव्हा, म्हणजे सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपचा मोठा भाग प्रचंड जाडीच्या बर्फाखाली होता, हिमालयातील हिमनद्याही आजच्यापेक्षा लांबवर पसरल्या होत्या. परंतु सह्याद्रीवर त्या काळातही बर्फाचे थर साचले नाहीत. हिमनदी म्हणजे स्वतःच्या भाराने उताराकडे सरकणारा बर्फाचा प्रवाह; तो सरकताना तळाचा खडक खरवडतो, त्यात खोलगट वाटी तयार करतो आणि खरवडलेले दगडगोटे, वाळू व माती पुढे ढकलत नेऊन त्यांचा बांध रचतो. या बांधाला भूगोलात हिमोढ म्हणतात. बर्फ वितळून मागे हटला की वाटीत आणि हिमोढाच्या आड पाणी साठते व हिमानी सरोवर जन्माला येते. हिमाचल प्रदेशातील सुमारे ४,३०० मीटर उंचीवरचे चंद्रताल किंवा काश्मीरमधील गंगाबल पाहण्यासाठी दर उन्हाळ्यात ठाणे-डोंबिवलीतून गिर्यारोहकांचे गट निघतात, आणि परतल्यावर त्यांच्या वर्णनात पाण्याच्या उंचीपेक्षा त्याच्या नितळपणाचा उल्लेख अधिक असतो.

हा नितळपणा पाण्याच्या थंडीतून आणि गरिबीतून येतो. अतिशय थंड पाण्यात सूक्ष्म वनस्पतींची वाढ मंद असते. भोवती शेती, वस्ती आणि जाड माती नसल्याने पाण्यात नत्र व स्फुरद ही पोषकद्रव्ये अत्यल्प असतात. अशा सरोवराला जलशास्त्रात अल्पपोषी म्हटले जाते. हिमनदी अजून वरच्या अंगाला जिवंत असेल, तर खडक दळून तयार झालेले पिठासारखे बारीक कण पाण्यात तरंगतात आणि ते पाणी दुधी निळे दिसते. हिमनदी दूर असेल किंवा पाणी दगडांच्या ढिगातून गाळून येत असेल, तर ते जवळजवळ पारदर्शक होते. न्यूझीलंडमधील रोटोमाइरेव्हेनुआ या सरोवरात पाण्याखालची आडवी दृश्यता ७० ते ८० मीटरपर्यंत मोजली गेली आहे, आणि ऊर्ध्वपातित पाण्याच्या सैद्धांतिक मर्यादेच्या ती जवळ जाते.

‘तलावांचे शहर’ म्हणून ओळखले जाणारे ठाणे, आणि त्याला लागून असलेला कल्याण-डोंबिवलीचा टापू, हे सारे या वर्णनाच्या नेमके उलट आहे. येथील तलाव उथळ आहेत, वर्षभर कोमट असतात, भोवती दाट वस्ती आहे आणि ते जवळपास सर्वच माणसाने खोदलेले किंवा बांध घालून अडवलेले आहेत. हिमानी सरोवराला नितळ राहण्यासाठी कोणाची मदत लागत नाही. ठाण्याचा तलाव मात्र माणसाने दरवर्षी त्याच्यावर कष्ट केले तरच स्वच्छ राहू शकतो, आणि माणूस ते कष्ट तोवरच करत आला जोवर त्याला त्या पाण्याची रोजची गरज होती. या परिसरातील तलावांचा नैसर्गिक इतिहास आणि मानवी इतिहास म्हणूनच एकमेकांपासून वेगळे करून सांगता येत नाहीत.

या टापूत तलाव खोदावे का लागले याचे उत्तर खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वारंवार उसळलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार बनले आणि सह्याद्रीबरोबर येऊर, पारसिक व मलंगगडाच्या डोंगररांगाही त्याच काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसाल्टमधून, घडल्या. अखंड बेसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते मुरते ते भेगांतून आणि वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेल्या थरांतून. पश्चिमेकडे उतरणारे ओढे आखूड आणि तीव्र उताराचे असल्याने पावसाचे पाणी काही तासांत खाडी गाठते. भूमीला हिमनदीने खरवडलेले नसल्याने वाटीसारखे नैसर्गिक खड्डे जवळपास नाहीतच. राज्यातील ठळक अपवाद म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार, आणि तेही उल्कापाताने घडलेले आहे. ठाण्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, परंतु तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने कोरडे जातात.

त्यात भर खाऱ्या पाण्याची. ठाणे हे साष्टी बेटाच्या पूर्व काठावर, खाडीच्या कडेला वसलेले बंदर. कल्याण हे उल्हास नदीच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले बंदर. दोन्ही गावांचे वैभव खाडीने आणले आणि दोन्ही गावांची तहान भागवण्यास तीच खाडी निरुपयोगी होती. समुद्राचे पाणी जड असल्याने किनाऱ्यालगतच्या जमिनीत ते गोड्या पाण्याच्या थराखाली शिरलेले असते. उन्हाळ्यात गोड्या पाण्याचा थर पातळ झाला की काठाजवळच्या विहिरी मचूळ होतात. यावरचा सरळ उपाय असा, की डोंगराच्या पायथ्याशी, भरतीच्या पातळीच्या वर, जेथे ओहोळ उतरतात तेथे मुरूम खोदून खोलगट भाग करावा, निघालेल्या मातीचा बांध उताराच्या बाजूला घालावा, तळाशी चिकणमातीचा थर बसू द्यावा आणि जादा पाण्याला सांडवा ठेवावा. अशा तलावाचा फायदा दुहेरी होता. वर दिसणारे पाणी पिण्या-धुण्याला मिळे आणि तळातून हळूहळू झिरपणारे पाणी आसपासच्या विहिरींना पुरवठा करून खाऱ्या पाण्याला मागे रेटत असे. जुन्या ठाण्यात तलावाच्या काठावरच्या विहिरींचे पाणी अधिक भरवशाचे समजले जाई, त्यामागचे कारण हे झिरपणे आहे.

हे तलाव खोदले कोणी, या प्रश्नाला ठाण्यात सहसा एका शब्दात उत्तर मिळते : शिलाहारांनी. उत्तर कोकणच्या शिलाहारांनी नवव्या शतकापासून तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत, आधी राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून आणि पुढे बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे, या प्रदेशावर राज्य केले आणि श्रीस्थानक, म्हणजे आजचे ठाणे, हे त्यांचे महत्त्वाचे नगर होते. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पायाचे खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरी याचे शके ९३९, म्हणजे इ.स. १०१७, चे ताम्रपट सापडले. ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात त्यांचे वाचन छापले गेले, त्यामुळे भारतीय ताम्रपटांच्या आधुनिक अभ्यासाच्या आरंभीच ठाण्याचे नाव आले. अंबरनाथचे शिवमंदिर, ज्याच्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, हा काळ आहे, तेही याच घराण्याचे आणि तेही वालधुनी नदीच्या काठी. एवढे मोठे बांधकाम करणाऱ्या राजवटीने नगराला पाणी पुरवण्यासाठी तलाव खोदवले असणार हे मानण्यास काही अडचण नाही, आणि तलावांच्या परिसरात मिळालेल्या जुन्या मूर्ती व कोरीव दगड त्याला दुजोरा देतात. तथापि आज उभ्या असलेल्या प्रत्येक तलावाचे श्रेय शिलाहारांना देण्याची स्थानिक रीत पुराव्यापेक्षा अभिमानावर अधिक उभी आहे. लहान गावतळी गावकरी स्वतः खोदत, दानशूर व्यापारी व अधिकारी पुण्य म्हणून खोदवत, दगडाच्या खाणीतही पाणी साठून तळे होई, आणि एकच तलाव अनेक शतकांत अनेकांनी रुंदावलेला, बांधलेला व पुन्हा उपसलेला असे.

कल्याणच्या बाबतीत काळ वेगळा आहे. कल्याण हे नाव कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत येते आणि इ.स. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तांतातही हे बंदर आहे, म्हणजे नगर म्हणून ते ठाण्याहून जुने. परंतु तेथील सर्वांत मोठा तलाव, जुन्या कागदपत्रांतला शेणाळे तलाव आणि बोलण्यातला काळा तलाव, हा मुसलमानी अमदानीतला, सोळाव्या शतकाच्या आरंभीचा मानला जातो. शहर ज्या राजवटीच्या ताब्यात गेले तिने तलाव वापरला, दुरुस्त केला आणि काठावर आपली खूण ठेवली, असा या साऱ्या टापूचा अनुभव आहे.

ठाण्याचा मासुंदा तलाव, ज्याला शहर तलावपाळी म्हणून ओळखते, या अनुभवाचे उत्तम उदाहरण ठरतो. त्याच्या एका अंगाला कौपिनेश्वराचे मंदिर आहे, दुसऱ्या अंगाला पोर्तुगीज काळात पाया घातले गेलेले सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे आणि काठावरच १९७८ मध्ये उघडलेले राम गणेश गडकरी रंगायतन आहे. सोळाव्या शतकाच्या चौथ्या दशकात पोर्तुगिजांचा अंमल ठाण्यावर बसला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेईपर्यंत तो टिकला. कौपिनेश्वराचे भव्य शिवलिंग या काळात तलावात बुडवले गेले व पुढे तेथूनच वर काढले गेले, अशी परंपरा सांगितली जाते. सध्याच्या मंदिराची उभारणी १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी केली. १७७४ च्या अखेरीस ठाणे इंग्रजांकडे गेले आणि तलावाच्या काठाला कचेऱ्यांचा व युरोपीय वस्तीचा शेजार मिळाला. राजवटी बदलल्या तरी तलावावर पाणी भरणारे, जनावरे धुणारे आणि कपडे बडवणारे लोक तेच राहिले. त्यांची नोंद कोणत्याही शिलालेखात नाही.

तलाव उपसण्याच्या कामाची एक नोंद मात्र सर्वांच्या तोंडी आहे, आणि ती एका देवस्थानाच्या कथेत दडलेली आहे. कल्याणजवळच्या टिटवाळ्याच्या महागणपतीविषयी असे सांगतात, की थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात टिटवाळा परिसरात पाण्याचे दुर्भिक्ष झाले, तेथील तलावातला गाळ काढण्याचे काम रामचंद्र मेहेंदळे यांच्या देखरेखीखाली सुरू झाले, त्यांना दृष्टान्त झाला आणि खोदताना गाळात मूर्ती सापडली. भाविकाच्या दृष्टीने कथेचे मर्म मूर्तीत आहे. तलावांच्या अभ्यासकाने मात्र तिच्या पार्श्वभूमीकडे पाहावे. अठराव्या शतकात दुष्काळ पडला की राज्यसत्ता तलावाचा गाळ काढण्याची व्यवस्था करी, त्यासाठी जबाबदार माणूस नेमी, आणि तलाव गाळाने एवढा भरलेला असे की त्यात मूर्ती गाडली गेल्याची गोष्ट ऐकणाऱ्यांना पटत असे.

गाळ हा तलावाचा कायमचा सोबती आहे. चार महिन्यांच्या मुसळधार पावसात डोंगरउतारावरची माती वाहून येते आणि संथ पाण्यात तळाशी बसते. काठावरच्या झाडांची पाने, पाणवनस्पतींचे अवशेष आणि मेलेले जीव त्यात मिसळतात. कोणी हात लावला नाही तर उथळ तलाव काही पिढ्यांत दलदल होतो आणि पुढे सपाट जमीन. पूर्वी उन्हाळ्यात पाणी आटत आले की तळातला गाळ खणून डोक्यावरच्या पाट्यांनी आणि बैलगाड्यांनी बाहेर काढला जाई व भाताच्या खाचरांत पसरला जाई. पाण्याला खोली मिळे, शेताला खत मिळे, आणि हंगामाबाहेरच्या महिन्यांत मजुराला काम मिळे. राज्य शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना याच जुन्या व्यवहारावर बेतलेली आहे.

हा व्यवहार मोडला तो नळामुळे. मुंबईची तहान भागवण्यासाठी साष्टी बेटावर १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे जलाशय पुरे झाले; साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, म्हणजे जिल्ह्याचे पाणी शेजारच्या शहराला नेण्याची रीत तेव्हापासूनची आहे. १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये वैतरणेवरचे मोडकसागर आणि नंतर भातसा, असे हे सत्र पुढे चालू राहिले, आणि तानसाचे अजस्र नळ ठाण्याच्या अंगावरून मुंबईकडे गेले. ठाणे शहरालाही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येऊरच्या पायथ्याच्या पोखरण भागातून नळाचे पाणी मिळू लागले. आजच्या दोन पोखरण रस्त्यांत ते नाव उरले आहे आणि उपवन तलाव त्या काळच्या पाणीपुरवठ्याची आठवण आहे. बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत गेली, आणि वस्ती वाढू लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वागळे इस्टेट, अंबरनाथ आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींनी या वाढीला वेग दिला. आज ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीला पाणी येते ते उल्हास, भातसा व बारवी यांतून; शहरातल्या एकाही तलावाचे पाणी घरात येत नाही.

घरात पाणी आले त्या दिवसापासून तलाव बेकार झाला. जोवर प्यायचे पाणी तेथून येत होते तोवर काठावर कोणी घाण केली तर शेजारी हटकत असे. नळ आल्यावर हटकण्याचे कारण उरले नाही. पाणी उपसले जात नसल्याने उन्हाळ्यात तळ उघडा पडेना, तळ उघडा न पडल्याने गाळ काढता येईना, आणि शेती संपल्याने काढलेला गाळ घेणारे कोणी उरले नाही. जमिनीचा भाव वाढत गेला तसे तलाव म्हणजे शहराच्या मध्यभागी पडून असलेली मोकळी जागा, अशी नजर तयार झाली. ठाण्यात एकेकाळी साठाहून अधिक तलाव होते व आता सुमारे पस्तीस उरले आहेत, असे सर्वत्र सांगितले जाते. जुन्या आकड्यात अतिशयोक्ती असली तरी काही तलाव बुजले हे नक्की. उथळसरचा जोगिला तलाव भरावाने आणि वस्तीने जवळपास नाहीसा झाला होता व नंतर महापालिकेला तेथील घरांचे पुनर्वसन करून तो पुन्हा खोदायला घ्यावा लागला. तलाव बुजवल्याने त्यात येणारे पाणी थांबत नाही, ते रस्त्यावर आणि तळमजल्यांत जाते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास खोऱ्यात हे सर्वांनी पाहिले.

जे तलाव उरले त्यांच्या पाण्यात काय घडते, हे समजून घेण्यासाठी पुन्हा हिमानी सरोवरांकडे जावे लागते. पाण्याची पारदर्शकता मोजण्याची सर्वांत सोपी पद्धत इटालियन शास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात वापरली : एक पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. अमेरिकेतील सिएटल शहराजवळचे वॉशिंग्टन सरोवर हे हिमनदीने कोरलेले, साठ मीटरहून खोल. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास आसपासच्या वस्त्यांचे सांडपाणी त्यात सोडले जाऊ लागले आणि १९६० च्या दशकात सेक्की तबकडी एका मीटरच्या आसपास दिसेनाशी होऊ लागली. १९६८ पर्यंत सांडपाणी पूर्णपणे वळवले गेले आणि काही वर्षांत सरोवर पुन्हा स्वच्छ झाले. गुन्हेगार कोण, हे १९७३ च्या एका प्रयोगाने दाखवले. कॅनडातील ऑन्टॅरिओमध्ये, हिमनदीनेच घडवलेल्या एका लहान सरोवराचे पडद्याने दोन भाग केले गेले. दोन्हींत कर्ब व नत्र घातले गेले, पण स्फुरद एकाच भागात. स्फुरदाचा भाग काही आठवड्यांत गर्द हिरवा झाला, दुसरा स्वच्छ राहिला. साबणपूड, मैला आणि खते यांतून येणारे स्फुरद पाण्यातील शैवालाचे मुख्य अन्न असते, आणि पोषकद्रव्यांच्या अशा अतिरेकाला सुपोषण म्हणतात. नाव चांगले वाटते, पण पाण्यासाठी तो आजार आहे.

खोल आणि थंड सरोवराला सांडपाणी बंद होताच बरे होण्याची सोय असते, कारण तळाशी बसलेले स्फुरद वरच्या पाण्यात सहज परतत नाही आणि आत-बाहेर वाहते पाणी उरलेले धुऊन नेते. उथळ उष्ण तलावाला ही सोय नाही. काही मीटर खोलीच्या तलावात वारा आणि ऊन तळापर्यंत पोचतात; तळाच्या गाळात प्राणवायू संपला की लोहाशी बांधलेले स्फुरद सुटून पाण्यात येते, म्हणजे बाहेरून येणारे सांडपाणी थांबवले तरी आतला गाळ वर्षानुवर्षे तलावाला खाऊ घालत राहतो. जुन्या ठाण्यातील लोक गाळ काढत ते खोलीसाठी आणि खतासाठी. स्फुरदाचे नाव त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही दर काही वर्षांनी होणाऱ्या त्या उपशाने पाण्यातील पोषकद्रव्यांचा साठा शेतात परत जात होता आणि उथळ तलावाचा आजार वेळीच आटोक्यात राहत होता. येथे पूर्वजांच्या दूरदृष्टीचे गोडवे गाण्याची गरज नाही. गरजेपोटी केलेले काम योग्य निघाले, एवढेच म्हणणे पुरेसे आहे.

सुपोषणाचा सर्वांत ठळक परिणाम म्हणजे एका सकाळी पाण्यावर तरंगणारे मेलेले मासे. दिवसा ऊन असताना शैवाल प्रकाशसंश्लेषण करते आणि पाण्यात प्राणवायू सोडते, दुपारी पाणी जणू प्राणवायूने तुडुंब असते. रात्री तेच शैवाल आणि तळाचे जीवाणू तो वापरून टाकतात. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. अशात ढगाळ दिवस आला, किंवा उन्हाळ्याअखेर पहिल्या वळवाने रस्त्यावरची घाण एका झटक्यात तलावात आणली व तळाचे प्राणवायूहीन पाणी वर ढवळले, की काही तासांत मासे गुदमरतात. वृत्तपत्रांत अशा वेळी विषप्रयोगाची शंका छापून येते. बहुतेक वेळा कारण इतके नाट्यमय नसते. तलावाच्या मध्यभागी बसवलेली कारंजी आणि हवा सोडणारी यंत्रे यावर खरोखरच उपयोगी पडतात, मात्र ती श्वास चालू ठेवतात, आजार काढत नाहीत.

दक्षिण अमेरिकेतून शोभेची वनस्पती म्हणून आलेली जलपर्णी हे याच आजाराचे दुसरे रूप. ती पोषकद्रव्ये शोषून झपाट्याने वाढते, पाण्यावर गालिचा पसरवते आणि खालचा प्रकाश व हवा बंद करते. वेळेवर उपटून बाहेर नेली तर तिच्याबरोबर नत्र आणि स्फुरदही बाहेर जाते. तशीच कुजू दिली तर सारे तळाशी परत. उल्हास नदीच्या पात्रातही, जेथून कल्याण-डोंबिवली पाणी उचलते, उन्हाळ्यात तिची दाट चादर पसरते, म्हणजे तलावांचा आजार आता पिण्याच्या पाण्याच्या उगमापर्यंत पोचला आहे.

गणेशोत्सवातील विसर्जनाचा प्रश्न या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात सहजी विरघळत नाही, मूर्ती महिनोन्महिने तळाशी पडून राहतात आणि काही रंगांतील शिसे व इतर जड धातू गाळात साचतात. शाडूची मूर्ती विरघळते हे खरे, पण विरघळलेली माती उथळ तलावाच्या तळाशीच बसते, आणि निर्माल्य कुजताना प्राणवायू खाते. नदीच्या वाहत्या पाण्यासाठी बनलेली रीत साचलेल्या पाण्यात आली की तिचा परिणाम बदलतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली व २०२० मध्ये ती सुधारली. तलावाशेजारी कृत्रिम हौद बांधून तेथे विसर्जन करण्याची पद्धत राज्यात ज्या महापालिकांनी आधी रुजवली त्यांत ठाण्याचे नाव घेतले जाते, आणि मासुंदा किंवा उपवनच्या काठावर आता भाविक ती बऱ्याच सहजतेने पाळतात. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टर मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच करण्याचा आदेश दिला. एखाद्या शहराने आपल्या धार्मिक रीतीत पाण्यासाठी इतक्या लवकर बदल केल्याची उदाहरणे फार नाहीत.

एवढे सगळे सोसूनही या तलावांत जीवसृष्टी आहे. काठावर वंचक बगळा ध्यानस्थ बसतो, खंड्या सूर मारतो, पाणकावळे पंख वाळवतात; वस्तीपासून जरा दूरच्या, डोंबिवलीजवळच्या निळजे तलावासारख्या ठिकाणी पाणवनस्पतींच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडीही दिसते. पाण्यात रोहू, कटला यांच्याबरोबर आफ्रिकेतून आलेला तिलापिया आहे आणि हवेतून श्वास घेऊ शकणारा मरळही आहे, जो प्राणवायू संपलेल्या पाण्यातही तग धरतो. डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेले गप्पी मासे तर सर्वत्र आहेत. कासवे गाळात राहतात, म्हणून तळाच्या विषाची पहिली झळ त्यांना बसते. कल्याणच्या गौरीपाडा तलावात जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या संख्येने कासवे मृतावस्थेत आढळली, तेव्हा अनेक नागरिकांना त्या तलावात कासवे होती हे प्रथमच कळले.

गेल्या पंचवीस वर्षांत तलावांना नवे काम मिळाले आहे, ते म्हणजे विरंगुळ्याचे. २००१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत ठाण्यातील नऊ तलावांचा समावेश झाला. कचराळी, मासुंदा, उपवन यांच्या काठांवर चालण्याचे मार्ग, दिवे, बाके आली. दिवाळीच्या पहाटे तलावपाळीवर तरुणाईची जी गर्दी उसळते ती पाहता मासुंदा आजही शहराचे अंगण आहे याबद्दल शंका राहत नाही. या नव्या कामामुळे तलाव बुजवण्याचे धाडस आता कोणी करणार नाही, ही मोठी जमेची बाजू. परंतु सुशोभीकरणाची कल्पना बहुधा काठापुरती असते. चारही बाजूंनी उभी काँक्रीटची भिंत घातली की उथळ काठावर वाढणारे पाणगवत आणि लव्हाळे जातात. पोषकद्रव्ये शोषून घेण्याचे, माशांच्या पिल्लांना आसरा देण्याचे आणि पाणी गाळण्याचे काम हाच पट्टा करत असतो. डोंगरातून येणारा ओहोळ रस्त्याखालच्या गटारात वळवला की तलावाला ताजे पाणी मिळत नाही, आणि सांडवा बंद झाला की जुने पाणी बाहेर जात नाही. मग हिरव्या पाण्यावर रंगीत दिव्यांची रोषणाई उठून दिसते.

गाळ काढायचा ठरवला तरी अडचण उरते. शहरी तलावाच्या गाळात प्लास्टिक, रंगांचे धातू आणि मैला मिसळलेला असतो, तो शेतात टाकता येत नाही. त्याची तपासणी, वाहतूक आणि सुरक्षित विल्हेवाट यांचा खर्च उपशाच्या खर्चापेक्षा जड होऊ शकतो. म्हणूनच सांडपाण्याच्या वाहिन्या आधी तोडणे, मग एकदाच नीट उपसा करणे आणि त्यानंतर काठाचा वनस्पतींचा पट्टा पुन्हा लावणे, हा क्रम महत्त्वाचा ठरतो. उलट क्रमाने केलेले काम दोन पावसाळ्यांत वाया जाते.

कायद्यानेही या तलावांची पंचाईत करून ठेवली आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये काढलेल्या पाणथळ जागा संवर्धन व व्यवस्थापन नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलाशय, तसेच मत्स्यपालन, मीठ, मनोरंजन व सिंचनासाठी बांधलेल्या रचना वगळल्या आहेत. निसर्गाने घडवलेली ठाण्याची खाडी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. तिच्यापासून हाकेच्या अंतरावरचा मासुंदा मात्र माणसाने पाण्यासाठी खोदला, आणि ज्या कारणासाठी तो खोदला गेला तेच कारण त्याला या नियमांच्या संरक्षणाबाहेर ठेवू शकते. त्यामुळे या परिसरातील प्रत्येक तलावाचे भवितव्य आज महापालिकेच्या विकास आराखड्यातील आरक्षणावर आणि दरवर्षीच्या अंदाजपत्रकातील देखभालीच्या तरतुदीवर अवलंबून आहे.